पानाचा रंग आणि प्रकाशाचे बळ

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडील डोंगराळ भागात डोळखांब नावाचे गाव आहे. या भागातील रानात साग, ऐन, पळस असे वृक्ष आढळतात. रानात हिंडणाऱ्या मुलांना रंगांची ओळख पुस्तकाआधी झाडांकडूनच होते. पळसाची फुले पाण्यात उकळली की केशरी रंग तयार होतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की तळहात लालभडक होतो. हिरव्या पानातून लाल रंग निघालेला पाहून नवख्या माणसास नवल वाटते.

याहून अधिक नवल वाटावे असा एक प्रयोग आहे. कोणतेही गर्द हिरवे पान खलबत्त्यात कुटावे, थोड्या स्पिरिटमध्ये कालवावे आणि ते वस्त्रगाळ करून घ्यावे. स्पिरिट चटकन पेट घेते. म्हणून हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि विस्तवापासून दूर करावा. काचेच्या पेल्यात पाचूसारखे हिरवे द्रावण जमते. पेला उजेडाच्या आड धरून त्यातून आरपार पाहिले, तर द्रावण हिरवे दिसते. पण तोच पेला प्रखर उन्हात धरून उन्हाकडे पाठ केली आणि द्रावणाकडे पाहिले, तर ते रक्तासारखे तांबडे झळकते! द्रावण तेच, प्रकाशही तोच. मग एकदा हिरवा आणि एकदा तांबडा, असे का व्हावे? सर डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८३३ साली या तांबड्या तेजाचे वर्णन केले होते. त्याचे खरे कारण मात्र अणू आणि रेणू यांची अंतर्रचना कळल्यावरच उलगडले.

पानातील हिरव्या पदार्थास हरितद्रव्य असे म्हणतात. हरितद्रव्याचे असंख्य सूक्ष्म रेणू स्पिरिटमध्ये विखुरलेले असतात. प्रत्येक रेणूत इलेक्ट्रॉन असतात. हे इलेक्ट्रॉन वाटेल तितकी ऊर्जा धारण करू शकत नाहीत. विहिरीच्या पायऱ्यांवर उतरणारा माणूस एका पायरीवर किंवा दुसऱ्या पायरीवर उभा राहू शकतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी उभा राहू शकत नाही. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेलाही अशाच ठरलेल्या पायऱ्या असतात. प्रकाशदेखील सलग धार नसून लहान लहान पुडक्यांच्या रूपाने येतो. या पुडक्यांना प्रकाशकण किंवा फोटॉन म्हणतात. निळ्या प्रकाशाच्या पुडक्यात ऊर्जा अधिक असते, तांबड्या प्रकाशाच्या पुडक्यात कमी असते. ज्या पुडक्यातील ऊर्जा दोन पायऱ्यांमधील अंतराशी नेमकी जुळते, तेच पुडके रेणू गिळतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. या चढण्या-उतरण्यास इलेक्ट्रॉनाचे संक्रमण असे नाव आहे.

हरितद्रव्याचा रेणू निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतो. हिरवा प्रकाश त्याच्या पायऱ्यांशी फारसा जुळत नाही. तो उरतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून पान हिरवे दिसते. वर चढलेला इलेक्ट्रॉन भोवतालच्या रेणूंच्या धक्काबुक्कीत थोडी ऊर्जा गमावतो आणि मग खाली येताना तांबडा प्रकाश बाहेर टाकतो. पेल्यात दिसणारे तांबडे तेज ते हेच. मात्र हा वरचा मुक्काम फार अल्प असतो. एका सेकंदाचे वीस कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाइतक्या वेळात इलेक्ट्रॉन बहुधा खाली आलेला असतो.

आता एक प्रश्न विचारता येईल. प्रकाश दुप्पट केला तर काय होईल? उत्तर सोपे आहे: शोषणही दुप्पट होईल. द्रावणाने शंभरातील चाळीस प्रकाशकण अडवले असतील, तर दोनशेतील ऐंशी अडवले जातील. प्रमाण तेच राहील. म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात जे द्रावण हिरवे दिसते, ते दुपारच्या कडक उन्हातही तितकेच हिरवे दिसते. हा नियम लँबर्ट आणि बेअर या शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखला जातो. लँबर्टने आपला ग्रंथ १७६० साली आणि बेअरने आपला शोधनिबंध १८५२ साली प्रसिद्ध केला. रंगीत द्रावणात किती पदार्थ विरघळला आहे, हे आजही प्रयोगशाळांत याच नियमाच्या आधारे मोजतात.

या नियमाला सूर्यप्रकाशात धक्का का पोहोचत नाही, ते एका हिशेबावरून कळते. भर उन्हात हरितद्रव्याच्या एका रेणूवर सेकंदातून साधारण दहा वेळा प्रकाशकण शोषण्याची पाळी येते. प्रत्येक वेळी तो सेकंदाच्या वीस कोटीव्या भागाइतका काळ उत्तेजित राहतो. म्हणजे कोणत्याही क्षणी दोन कोटी रेणूंपैकी एखादाच रेणू वरच्या पायरीवर असतो. बाकीचे सारे खाली, प्रकाशकण घेण्यास सिद्ध असतात. वैशाखातले ऊन माणसाला असह्य झाले, तरी रेणूच्या दृष्टीने ते केवळ अधूनमधून पडणारा एखादा थेंब आहे. त्या थेंबाने रेणूचे स्वरूप पालटत नाही. म्हणून फार काळ असे मानले गेले की, रंग हा पदार्थाचा स्थिर गुणधर्म आहे. प्रकाश तो केवळ उघड करून दाखवतो.

परंतु प्रकाशच अतिशय बलवान झाला तर? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रकाश निर्माण केला. लेसरची युक्ती समजण्यास डोळखांबच्या परिसरातील एक उदाहरण उपयोगी पडते. शहापूर तालुक्यातच सह्याद्रीच्या पायथ्याशी चोंढे हे गाव आहे आणि वर घाटमाथ्यावर अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर आहे. तेथे वर एक जलाशय आणि खाली एक जलाशय बांधलेला आहे. विजेची मागणी कमी असते, तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. लेसरमध्येही आधी पुष्कळ इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढवून ठेवतात. मग त्यांच्यामधून जाणारा प्रकाश त्यांना एकाच तालात खाली उतरवतो आणि त्या सर्वांचा प्रकाश एकत्र होऊन निघतो.

लेसरच्या विकासात महाराष्ट्रात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. धातू कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत अनेक कामांत तो उपयोगी पडला.

लेसरचे बळ ऊर्जेच्या मोठ्या साठ्यात नसून, ती ऊर्जा किती थोड्या वेळात सोडली जाते यात आहे. शंभर ग्रॅमचे वजन एक मिलिमीटर वर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ऊर्जा एका प्रकाशस्पंदात आहे असे मानावे. मुंगीच्या हालचालीएवढ्या अंतराचे हे काम क्षुल्लक आहे. पण ती ऊर्जा शंभर फेम्टोसेकंदांत बाहेर पडली, तर काय होईल? सेकंदाचे एक कोटी भाग करावेत, त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावेत. त्यांतला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश शंभर फेम्टोसेकंदांत केसाच्या जाडीइतकेही अंतर तोडत नाही. एवढ्या वेळात ती क्षुल्लक ऊर्जा सोडली की, त्या क्षणापुरती तिची शक्ती दहा हजार मेगावॅट होते. घाटघरच्या वीजकेंद्राची क्षमता २५० मेगावॅट आहे. म्हणजे तो स्पंद टिकतो तेवढ्यापुरता अशा चाळीस केंद्रांच्या तोडीचा असतो! असे बलवान स्पंद सुरक्षितपणे वाढवण्याची रीत डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

असा प्रकाश द्रावणातील रेणूंवर पडला की तीन निरनिराळ्या गोष्टी घडू शकतात.

पहिली गोष्ट अशी की, रंगीत द्रावण क्षणभर पारदर्शक होते. प्रकाशकणांचा मारा इतका दाट असतो की, एक इलेक्ट्रॉन खाली येण्याच्या आत दुसरे रेणूही वर चढतात. खालच्या पायरीवर प्रकाश शोषणारे रेणू फारसे उरत नाहीत आणि मागून येणारा प्रकाश अडथळा न होता पार जातो. उन्हात वाळत घातलेल्या कापडाचा रंग उडतो, त्याहून हे वेगळे आहे. कापडाच्या रंगाचे रेणू मोडतात, म्हणून तो रंग परत येत नाही. येथे रेणू शाबूत राहतात. इलेक्ट्रॉन खाली उतरताच द्रावण पूर्ववत रंगीत होते. १९६४ साली पीटर सोरोकिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थॅलोसायनिन या रंगद्रव्याच्या द्रावणाकडून हे काम करवून घेतले. या रेणूची घडण हरितद्रव्याच्या रेणूशी मिळतीजुळती आहे. त्यांनी ते द्रावण माणकाच्या लेसरमध्ये धरणाच्या दारासारखे वापरले. प्रकाश पुरेसा साठेपर्यंत द्रावण त्याला अडवून धरी. मग ते एकाएकी पारदर्शक होई आणि सारा प्रकाश एका लोंढ्यात बाहेर पडे. पुढे १९६६ साली सोरोकिनला असे आढळले की, अशा रंगद्रव्याचे द्रावण स्वतःच लेसर प्रकाश देऊ शकते.

दुसरी गोष्ट अशी की, रेणू एकाच वेळी दोन प्रकाशकण गिळतो. एक जड धोंडा एकट्या माणसाला हलत नाही. दोघे आले, पण एकामागून एक आले, तरी तो हलत नाही. दोघांनी एकाच क्षणी जोर लावला तरच तो उचलला जातो. त्याचप्रमाणे अर्ध्या अर्ध्या ऊर्जेचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर आले, तर दोघे मिळून इलेक्ट्रॉनाला वरच्या पायरीवर पोहोचवतात. मारिया गोपर्ट-मायर या जर्मन विदुषीने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात हे गणिताने दाखवले होते. पण ते प्रत्यक्ष पाहावे कसे? नुसत्या उजेडात एखाद्या चांगल्या रंगद्रव्याच्या रेणूवर असा योग सुमारे एक कोटी वर्षांतून एकदा यावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तीस वर्षे ते गणित कागदावरच राहिले. लेसरचा शोध लागला आणि १९६१ साली कायझर व गॅरेट यांनी एका स्फटिकात हा योग घडवून दाखवला.

या शोषणाचा नियम लँबर्ट-बेअरच्या नियमाहून निराळा आहे. प्रकाश दुप्पट केला की हे शोषण दुप्पट नव्हे, चौपट होते. भिंगाने एकवटलेला अवरक्त लेसर प्रकाश रंगद्रव्याच्या द्रावणातून जाऊ दिला, तर वाटेत कोठेही काही दिसत नाही. जेथे किरण अगदी एकत्र येतात त्या एका बिंदूवर मात्र द्रावण चकाकते. १९९० साली याच तत्त्वावर चालणारे सूक्ष्मदर्शक यंत्र तयार झाले. जिवंत पेशीसमूहाच्या आत, पृष्ठभागाला न कापता, खोलवर पाहणे त्यामुळे शक्य झाले.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. पहिल्या दोन गोष्टींत पायऱ्या जागच्या जागी होत्या. इलेक्ट्रॉन कसे चढतात एवढेच बदलले. येथे पायऱ्याच सरकतात. प्रकाश ही विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर आहे. हिरव्या प्रकाशात विद्युत्क्षेत्राची दिशा एका सेकंदात सुमारे सहा कोटी गुणिले दोन कोटी वेळा उलटते. उन्हातील हे क्षेत्र मीटरला साधारण नऊशे व्होल्ट असते. हायड्रोजनच्या अणूमध्ये इलेक्ट्रॉनाला धरून ठेवणारे क्षेत्र मीटरला सुमारे पन्नास हजार कोटी व्होल्ट आहे. त्यापुढे उन्हाची मात्रा कसली चालणार? परंतु वर सांगितलेला लेसरचा स्पंद एक मिलिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात पाडला, तर त्याचे क्षेत्र मीटरला पावणेतीनशे कोटी व्होल्टांच्या घरात जाते. अणूतील क्षेत्राच्या तुलनेत हा भाग सुमारे दोनशेवा आहे. पण तो उपेक्षणीय नाही.

तुणतुण्याची तार हलकेच छेडली तर तिचा ठरलेला स्वर निघतो. तीच तार बोटाने जोराने ओढून धरली तर ताण वाढतो आणि स्वर चढतो. बोट काढताच मूळ स्वर परत येतो. प्रबळ प्रकाशक्षेत्रात रेणूचे असेच होते. क्षेत्र आहे तोवर ऊर्जेच्या पायऱ्यांमधील अंतर बदलते आणि रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. विद्युत्क्षेत्रात अणूंच्या पायऱ्या सरकतात, हे योहानेस स्टार्क याने १९१३ साली दाखवले होते. झपाट्याने दिशा बदलणारे क्षेत्रही तसेच करू शकते, हे ऑटलर आणि टाउन्स यांनी १९५५ साली वायुरूप रेणूंवर दाखवले. प्रकाशाने घडणाऱ्या या बदलास प्रकाशीय स्टार्क परिणाम म्हणतात.

द्रावणात मात्र हा परिणाम ओळखणे अवघड असते. वायूतील रेणू मोकळ्या माळावरील माणसासारखा एकटा असतो. द्रावणातील रेणू आठवड्याच्या बाजारातील गर्दीत सापडलेल्या माणसासारखा असतो. चहूबाजूंनी विद्रावकाचे रेणू त्याला ढकलत असतात. त्यामुळे त्याच्या पायऱ्या आधीच थोड्या सरकलेल्या आणि अस्पष्ट झालेल्या असतात. शिवाय प्रबळ प्रकाशाने विद्रावकातही बदल घडतात. मग खरा बदल ओळखावा कसा?

यासाठी शास्त्रज्ञ दोन स्पंद वापरतात. एक बलवान असतो. त्याचा रंग मुद्दाम असा निवडतात की, रेणूने तो शोषू नये. दुसरा दुबळा असतो. तो रेणू कोणता रंग शोषतो एवढेच पाहून येतो. दुबळ्या स्पंदाची वाट आरसा सरकवून थोडी लांब केली की तो उशिरा पोहोचतो. वाट एक मिलिमीटरच्या तीन दशांशांनी वाढवली तर त्याला एक हजार फेम्टोसेकंदांचा उशीर होतो. अशा रीतीने बलवान स्पंदाच्या आधी, त्याच्या सोबत आणि त्याच्या नंतर रेणूची स्थिती तपासता येते. पायऱ्या सरकल्या असतील, तर बदल केवळ दोन्ही स्पंद सोबत असतानाच दिसतो आणि स्पंदाबरोबरच नाहीसा होतो. इलेक्ट्रॉन खरोखर वर चढले असतील, तर बदल मागाहूनही काही काळ टिकतो. हाच प्रयोग नुसत्या विद्रावकावर करून त्याचा वाटा वजा करतात. फेम्टोसेकंदांच्या मापाने रासायनिक क्रिया पाहण्याच्या कार्यासाठी अहमद झेवेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही प्रबळ लेसर प्रकाशात अणू-रेणू कसे वागतात याविषयी संशोधन झाले आहे.

या साऱ्यात एक महत्त्वाचा धडा आहे. रेणू कसा आहे हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ त्याच्यावर प्रकाश टाकतो. पण प्रकाश वाजवीपेक्षा प्रबळ झाला, तर पाहण्याच्या साधनानेच पाहायची वस्तू बदलते. मग मोजलेला रंग रेणूचा स्वतःचा, की प्रकाशाने त्यावर लादलेला? हे न तपासता निष्कर्ष काढला, तर चूक सत्य म्हणून लिहिली जाईल. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा संशोधक प्रकाश निम्मा करून पुन्हा मोजतो. शोषणाचे प्रमाण तेच राहिले, तर लँबर्ट-बेअरचा नियम लागू आहे असे तो समजतो. प्रमाण बदलले, तर प्रकाशाचे बळ मध्ये आले आहे, हे त्याला कळते. नियम खोटा ठरत नाही. त्याची हद्द कोठे संपते ते कळते.

डोळखांबच्या रानातील सागाच्या पानाला ही भीती नाही. त्याच्यावर पडणारे ऊन कितीही कडक असले, तरी रेणूंच्या पायऱ्या हलवण्याइतके बलवान नाही. म्हणून पान सकाळी हिरवे असते, दुपारी हिरवे असते आणि संध्याकाळीही हिरवेच असते. त्या हिरवेपणामागे सूर्यप्रकाशाचा सौम्यपणाही आहे, हे मात्र प्रबळ प्रकाश निर्माण केल्यावरच माणसाच्या ध्यानात आले.